पीएस३ वर एमकेव्ही आणि मोबाइलचे व्हिडिओ: बदलून ठेवावेत की थेट स्ट्रीम करावेत?

जुनीस्लिम

पीएस३ स्लिम (प्लेस्टेशन ३ हा गेम कन्सोल) एचडीएमआयने टीव्हीला जोडला आहे, सिस्टिम सॉफ्टवेअर अद्ययावत आहे. संगणकावरचे व्हिडिओ त्यावर बघायचे आहेत. फाइल्स तीन जातींच्या आहेत. एमकेव्ही, १०८०पी, बहुतेकांचं चित्र एच.२६४, काहींचा आवाज एसी३ तर काहींचा डीटीएस. मोबाइलवर काढलेले व्हिडिओ, जे एमपी४ असूनही पीएस३ 'अनसपोर्टेड डेटा' म्हणून नाकारतो. आणि जुन्या एव्हीआय, त्यांची तक्रार नाही.

६४ जीबीचा पेनड्राइव्ह लावला तर तो दिसतच नाही. युनिव्हर्सल मीडिया सर्व्हर (संगणकावरचे व्हिडिओ घरच्या नेटवर्कवरून पुरवणारा प्रोग्राम) लावून पाहिला. तो दिसतो, एमकेव्ही सुरूही होतात, पण वाय-फायवर सारख्या अडकतात. फाइलचा बिटरेट ८ एमबीपीएसच्या आसपास आहे आणि त्याच जागी मोबाइलवर वाय-फायची गती त्याच्या कितीतरी पट दिसते, म्हणून कोडं सुटत नाही. शिवाय पुढे सरकवायला गेलं की बऱ्याचदा सुरुवातीपासून चालू होतं.

सगळं एकदाच हँडब्रेकमधून (व्हिडिओ रूपांतराचा प्रोग्राम) काढून एमपी४ करून ठेवावं का, की सर्व्हरच नीट बसवावा? चित्राची प्रत शक्यतो घालवायची नाही. मराठी सबटायटल एसआरटी या मजकूर-फाइल्समध्ये वेगळी आहेत, तीही दिसायला हवीत.

फ्रेममोजणी

हँडब्रेक लगेच उघडू नका. हँडब्रेक व्हिडिओ जसाच्या तसा ठेवू शकत नाही, तो प्रत्येक वेळी नव्याने एनकोड करतो, म्हणजे चित्र पुन्हा दाबून साठवतो. तुमच्या बहुतेक एमकेव्हींना त्याची गरज नाही. पीएस३ची अडचण आतल्या एच.२६४शी नसून एमकेव्ही या कंटेनरशी, म्हणजे चित्र-आवाज एकत्र बांधणाऱ्या वेष्टनाशी आहे. तो त्याला उघडताच येत नाही.

आधी मीडियाइन्फोमध्ये (फाइलची आतली माहिती दाखवणारा प्रोग्राम) फाइल टाका आणि चारच ओळी वाचा. फॉरमॅट प्रोफाइल, बिट डेप्थ, रेफरन्स फ्रेम्स (पुढचं चित्र उभं करायला लक्षात ठेवाव्या लागणाऱ्या फ्रेम) आणि ऑडिओचा फॉरमॅट. 'हाय, लेव्हल ४.१' किंवा त्याखालचं, ८ बिट, ४:२:० असेल तर व्हिडिओ पीएस३ला चालतो, हात लावायचा नाही. 'हाय १०' म्हणजे १० बिट लिहिलं असेल किंवा एचईव्हीसी (एच.२६४ नंतरचा नवा कोडेक) असेल तर सुटका नाही, पूर्ण एनकोड करावं लागणार.

लेव्हल ५.१ लिहिलेल्या फाइल्स मधल्या. तिथे रेफरन्स फ्रेम्स बघा. लेव्हल ४.१ ची डिकोडर-स्मृती ३२,७६८ मॅक्रोब्लॉकची (चित्राचे छोटे चौकोन). १०८०पीच्या एका फ्रेमला ८,१६० लागतात, म्हणजे ४ फ्रेम बसतात. ७२०पीला ३,६०० लागतात, म्हणजे ९. तुमच्या १०८०पी फाइलमध्ये ४ किंवा कमी रेफरन्स फ्रेम्स असतील तर ५.१ हा नुसता शिक्का आहे, तो बदलला की काम झालं. टीएसमक्सरमध्ये (एनकोड न करता कंटेनर बदलणारा प्रोग्राम) लेव्हल बदलण्याची खूण आहे, तिथे ४.१ निवडा. एफएफएमपेगमध्ये (आज्ञा लिहून चालवायचा रूपांतराचा प्रोग्राम) एच२६४-मेटाडेटा नावाचा बिटस्ट्रीम फिल्टर आहे, त्याला लेव्हल ४.१ द्या, त्यात एनकोडिंग होत नाही. पण खरोखर ८ किंवा १६ रेफरन्स फ्रेम्स असतील तर शिक्का बदलून फसवणूक होते ती फक्त मेनूची. चित्रात चौकोन उठतात किंवा ते थिजतं.

आता आवाज. एसी३ असेल तर सरळ टीएसमक्सर उघडा, एमकेव्ही आत टाका, नको असलेले ट्रॅक काढा, आउटपुट एम२टीएस (पीएस३ला उघडता येणारा कंटेनर) निवडा, मक्स करा म्हणजे एकत्र बांधा. यात वेळ लागतो तो डिस्कवर लिहायला लागतो तेवढाच, कारण कुठेच काही नव्याने एनकोड होत नाही. ही फाइल पीएस३ पेनड्राइव्हवरूनही चालवतो आणि सर्व्हरवरूनही.

डीटीएस असेल तर दोन पायऱ्या. ब्लू-रे डिस्कमधला डीटीएस पीएस३ डिकोड करतो, पण सुट्या एम२टीएस फाइलमधला नाही. तिथे चित्र येतं, आवाज येत नाही. ई-एसी३चीही तीच गत. टीएसमक्सर आवाज एनकोड करत नाही, म्हणून आधी एफएफएमपेग. व्हिडिओ कोडेक कॉपी, ऑडिओ कोडेक एसी३, ऑडिओ बिटरेट ६४०के, आउटपुट पुन्हा एमकेव्ही. ६४०के ही एसी३ची कमाल आहे आणि ५.१ साठी तीच ठेवा, काटकसर करून काही मिळत नाही. मग ती एमकेव्ही टीएसमक्सरमध्ये. मॅप पर्याय देऊन पहिला व्हिडिओ आणि हवा तोच ऑडिओ निवडा, नाहीतर एफएफएमपेग आपल्या मनाने ट्रॅक उचलतो आणि नंतर कळतं की भाषा भलतीच आली.

एम२टीएसऐवजी एमपी४ही करता येतं, पण मग आवाज एएसी-एलसी, दोन चॅनल ठेवा, १९२के पुरे. ५.१ हवा असेल तर एम२टीएस हाच पीएस३चा सरळ मार्ग.

तांब्याचीतार

वर सांगितलंय ते बरोबर आहे, पण अडकण्याचं कारण वेगळं आहे. ८ एमबीपीएसची फाइल म्हणजे ८ एमबीपीएसचा प्रवाह नव्हे. एमकेव्ही पीएस३ला कळत नाही म्हणून सर्व्हर ती जागच्या जागी ट्रान्सकोड करून, म्हणजे दुसऱ्या स्वरूपात बदलून पाठवतो, आणि पीएस३साठी तो बऱ्याचदा एमपेग-२ करतो. एमपेग-२ ला १०८०पी नीट दाखवायला एच.२६४च्या दुप्पट-तिप्पट बिटरेट लागतो. तुमच्याकडून ८ निघतात, हवेतून २०-३० जातात.

त्यात पीएस३चं वाय-फाय ८०२.११बी/जी, फक्त २.४ गिगाहर्ट्झ. कागदावर ५४ एमबीपीएस, प्रत्यक्षात चांगल्या दिवशी २० च्या आसपास, मध्ये भिंत किंवा शेजारचे राउटर आले की त्याहून खाली. मोबाइल ५ गिगाहर्ट्झवर मोजत असणार, त्या आकड्याचा इथे उपयोग नाही.

पडताळायचं असेल तर चित्र चालू असताना कंट्रोलरवरचं सिलेक्ट दाबा. वरच्या पट्टीत कोडेक आणि चालू बिटरेट दिसतो. तिथे एमपेग-२ आणि मोठा आकडा दिसला तर हेच कारण. एव्हीसी (एच.२६४ चंच दुसरं नाव) दिसून आकडा ८ च्या जवळ असेल आणि तरी अडकत असेल तर दोष निव्वळ वाय-फायचा.

उपाय क्रमाने. लॅन केबल लावा. पीएस३चं इथरनेट गिगाबिट आहे, मग यातलं काहीच आठवावं लागत नाही. राउटर लांब असेल तर संगणक आणि पीएस३ एकाच केबलने थेट जोडले तरी चालतं, क्रॉसओव्हर केबल लागत नाही. दोन्हीकडे पत्ते हाताने द्या. संगणकाला १९२.१६८.२.१, पीएस३ला १९२.१६८.२.२, सबनेट मास्क २५५.२५५.२५५.०. घरचा राउटर १९२.१६८.२ याच मालिकेत पत्ते देत असेल तर दुसरी मालिका घ्या, नाहीतर संगणक गोंधळतो.

केबल शक्यच नसेल तर सर्व्हरच्या सेटिंगमध्ये कमाल बिटरेट १२ ते १५ वर आणा. चित्र थोडं मऊ होईल, पण थांबणार नाही. त्याहून चांगलं म्हणजे फाइल आधीच एम२टीएस करून ठेवणं. मग सर्व्हर ती न बदलता पाठवतो, ८ चे ८ जातात आणि पुढे-मागे सरकवणंही सुधारतं. ट्रान्सकोड होत असलेल्या प्रवाहाची पूर्ण लांबी पीएस३ला आधी कळतच नाही, म्हणून तो सुरुवातीला फेकला जातो. युनिव्हर्सल मीडिया सर्व्हरमध्ये 'ट्रान्सकोड' नावाचा फोल्डर प्रत्येक ठिकाणी दिसतो. त्यात एकाच फाइलचे वेगवेगळे पर्याय असतात. टीएसमक्सरचा पर्याय निवडला तर एच.२६४ ला हात न लावता नुसता कंटेनर बदलून पाठवला जातो. एखादी फाइल आज रात्रीच बघायची असेल तर एवढं पुरे.

सर्व्हर दिसला आणि काही वेळाने गायब झाला, तर बहुतेक वेळा राउटरमधलं आयजीएमपी स्नूपिंग हे सेटिंग मल्टिकास्ट, म्हणजे एकाच वेळी अनेक उपकरणांना जाणारे संदेश, अडवत असतं. शोधाचे संदेश यूडीपी पोर्ट १९०० वर २३९.२५५.२५५.२५० या पत्त्याला जातात. ते स्नूपिंग बंद करून पाहा. मुळातच दिसत नसेल तर: विंडोजमध्ये नेटवर्क 'पब्लिक' आहे का, पीएस३ गेस्ट वाय-फायवर आहे का, संगणकावर व्हीपीएन किंवा व्हर्च्युअल मशीनचं नेटवर्क कार्ड आहे का. शेवटच्या बाबतीत सर्व्हर चुकीच्या कार्डावर जाऊन बसतो, सेटिंगमध्ये योग्य कार्ड सक्तीने निवडावं लागतं. आणि पीएस३वर नेटवर्क सेटिंग्जमध्ये 'मीडिया सर्व्हर कनेक्शन' चालू आहे ना, तेही.

रात्रपाळी

केबलला +१. पण रोज ट्रान्सकोडवर विसंबू नका. संगणक चालू हवा, पंखा ओरडतो, सरकवता येत नाही. एकदा बसून फाइल्स बदलून ठेवल्या की मिनीडीएलएनएसारखा साधा सर्व्हरही पुरतो. तो काहीच ट्रान्सकोड करत नाही, फाइल आहे तशी देतो, म्हणून राउटरच्या यूएसबीला किंवा अगदी अशक्त यंत्रावर चालतो. जेलीफिन हा सर्व्हर वापरत असाल तर १०.९ पासून डीएलएनए (पीएस३ ज्या पद्धतीने सर्व्हर ओळखतो ती) वेगळं प्लगइन झालं आहे, ते टाकल्याशिवाय पीएस३ला तो दिसणार नाही.

मोबाइलच्या व्हिडिओंबद्दल कुणी लिहिलं नाही, खरी कटकट तीच आहे.

'एमपी४ असूनही नाकारतो' याचं उत्तर मीडियाइन्फोमध्ये पहिल्याच ओळीत मिळेल: एचईव्हीसी. पीएस३ २००६चा आहे, एचईव्हीसी २०१३ला प्रमाणित झालं. इथे एनकोड करावंच लागतं. एफएफएमपेगमध्ये लिबएक्स२६४, प्रोफाइल हाय, लेव्हल ४.१, सीआरएफ (दर्जाचा आकडा, कमी तितका चांगला) १९ किंवा २०, प्रीसेट स्लो, रेफ्स ४, पिक्सेल फॉरमॅट वाययूव्ही४२०पी, मॅक्सरेट १२एम, बफसाइझ १२एम. आवाज एएसी १९२के, दोन चॅनल. मूव्हफ्लॅग्समध्ये फास्टस्टार्ट, म्हणजे फाइलची अनुक्रमणिका सुरुवातीला येते आणि नेटवर्कवरून चालू व्हायला वेळ लागत नाही.

यातल्या दोन गोष्टी गाळू नका. रेफ्स ४ हाताने लिहा, कारण स्लो प्रीसेटचा स्वतःचा आकडा ५ आहे, स्लोअरचा ८, व्हेरीस्लोचा १६. आणि पिक्सेल फॉरमॅट लिहिलाच पाहिजे. मूळ व्हिडिओ १० बिट असेल आणि तुम्ही काही सांगितलं नाही तर एक्स२६४ इमानदारीत १० बिट एच.२६४ बनवतो. तासभर वाट पाहून तयार झालेली ती फाइल संगणकावर छान चालते आणि पीएस३ पुन्हा तेच 'अनसपोर्टेड डेटा'. प्रोफाइल हाय दिलं असेल तर निदान एफएफएमपेग सुरुवातीलाच अडून बसतो, ते परवडलं.

६० फ्रेमचे १०८०पी व्हिडिओ लेव्हल ४.१ मध्ये बसत नाहीत. मर्यादा सेकंदाला २,४५,७६० मॅक्रोब्लॉकची. १०८०पीला त्यात जेमतेम ३० फ्रेम येतात. ७२०पीला ६० फ्रेम म्हणजे २,१६,०००, ते बसतं. खेळ, नाच, धावपळ असेल तर ७२०पी ६० ठेवा, बाकीच्यांना १०८०पी ३०. माझं मत, सोफ्यावरून ७२०पी ६० जास्त बरं दिसतं.

मोबाइलचा फ्रेमरेट बहुधा बदलता असतो, मीडियाइन्फोमध्ये 'व्हेरिएबल' लिहिलेलं दिसेल. तसाच सोडला तर लांब व्हिडिओत आवाज हळूहळू ओठांच्या पुढे-मागे जातो. फ्रेमरेट ३० आणि एफपीएस-मोड सीएफआर द्या, एफएफएमपेग ५.१ च्या आधीचा असेल तर त्या पर्यायाचं नाव व्हीसिंक.

एचडीआरमध्ये (उजेड-रंगांचा जास्त आवाका) काढलेला व्हिडिओ (आयफोन १२ पासूनच्या फोनांत हे सर्रास) नुसता ८ बिट केला तर रंग धुतल्यासारखे फिके येतात. झेडस्केलने लिनियर, मग टोनमॅप हेबल, मग पुन्हा झेडस्केलने बीटी.७०९, आणि शेवटी वाययूव्ही४२०पी, अशी फिल्टरची साखळी लागते. तुमच्या एफएफएमपेगमध्ये झेडस्केल नसेल तर तो लिबझिमगशिवाय बांधलेला आहे, पूर्ण बिल्ड घ्या. हे लिहायचा कंटाळा असेल तर फोनच्या कॅमेरा सेटिंगमध्ये एचडीआर बंद करा आणि फॉरमॅट 'मोस्ट कंपॅटिबल' ठेवा, पुढचे व्हिडिओ तरी सरळ येतील.

फ्रेममोजणी

पेनड्राइव्हचं राहिलं. ६४ जीबीचे ड्राइव्ह कारखान्यातून बहुधा एक्सफॅटमध्ये येतात. पीएस३ला फक्त फॅट३२ कळतं. एनटीएफएसही नाही. विंडोजची नेहमीची फॉरमॅटची खिडकी ३२ जीबीच्या वर फॅट३२ देत नसेल तर रूफस वापरा, बूट निवडीत 'नॉन बूटेबल' ठेवून. पार्टिशन योजना एमबीआर हवी. जीपीटी असेल तर आतलं फॅट३२ कितीही निर्दोष असलं तरी ड्राइव्ह दिसणार नाही, आणि माणूस फॉरमॅट करकरून थकतो. लिनक्सवर एमकेएफएस-व्हीफॅट, एफ ३२. अर्थात ड्राइव्ह पुसला जाणार, आधी नक्कल काढा.

फाइल्स मुळाशी 'व्हिडिओ' नावाच्या फोल्डरात ठेवा, इंग्रजी मोठ्या अक्षरांत. दुसरीकडे ठेवल्या तर ड्राइव्हवर त्रिकोण दाबून 'डिस्प्ले ऑल' निवडावं लागतं.

फॅट३२ची खरी अडचण ४ जीबीची, एक फाइल त्याहून मोठी चालत नाही. दोन तासांच्या चित्रपटाला हिशोब केला तर आवाज धरून एकूण साधारण ४.७ एमबीपीएस होतात. त्यात १०८०पी दाबून बसवण्यापेक्षा टीएसमक्सरला आकारानुसार तुकडे करायला सांगा, स्प्लिटच्या टॅबमध्ये ४,००० एमबी लिहा. तुकडे जोडताना मध्ये क्षणभर मेनू येतो, एवढंच. तुकडे नको असतील तर तीच अखंड एम२टीएस सर्व्हरवरून उघडा, तिच्यावर त्रिकोण दाबा आणि कॉपी निवडा. ती पीएस३च्या आतल्या हार्ड डिस्कवर जाते, तिथे फॅट३२ नाही. वाय-फाय मंद असेल तेव्हाही हाच मार्ग, झोपताना कॉपीला लावा आणि दुसऱ्या दिवशी बघा. ट्रान्सकोड होऊन येणाऱ्या फाइलला हे लागू नाही.

अक्षरवाट

सबटायटल. एमपी४ किंवा एम२टीएसशेजारी एसआरटी ठेवून पीएस३ ती उचलत नाही, त्यामुळे नाव सारखं ठेवण्याच्या खटपटीत पडू नका. चित्रावरच छापावी लागतात. म्हणजे व्हिडिओ पुन्हा एनकोड होणार. वरची 'कॉपी'ची पद्धत ज्या फाइल्सना सबटायटल हवीत त्यांना चालणार नाही. प्रतीबद्दल फार चिंता करू नका, सीआरएफ १८ ठेवलंत तर टीव्हीवर फरक शोधावा लागेल.

एफएफएमपेगचा सबटायटल्स फिल्टर हे काम लिबअ‍ॅस वापरून करतो. देवनागरीसाठी तीन गोष्टी तपासा. एसआरटी यूटीएफ-८ मध्ये हवी. जुन्या कुठल्या फाँटच्या एनकोडिंगमध्ये असेल तर नोटपॅडमध्ये उघडून यूटीएफ-८ म्हणून सेव्ह केल्याने ती दुरुस्त होत नाही, आधी युनिकोडमध्ये रूपांतर करावं लागतं. दुसरं, फोर्स-स्टाइलमध्ये फाँटचं नाव द्या, नोटो सान्स देवनागरी किंवा मंगल. न दिल्यास काही यंत्रांवर अक्षरांऐवजी रिकामे चौकोन येतात. तिसरं, जोडाक्षरं. लिबअ‍ॅस हार्फबझशिवाय (अक्षरं नीट जोडणारा भाग) बांधलेलं असेल तर 'स्थिती'मधली वेलांटी चुकीच्या जागी जाऊन बसते आणि स्थ तुटून स् आणि थ वेगळे दिसतात. पूर्ण बिल्डमध्ये हा त्रास नसतो. मुख्य काम लावण्यापूर्वी दोन मिनिटांचा तुकडा काढून बघा, ज्यात 'र्‍या' आणि 'त्र' येतात असा.

विंडोजवर फिल्टरला पूर्ण पत्ता दिला की ड्राइव्हच्या अक्षरापुढचा विसर्गासारखा कोलन त्याला पर्यायांमधली फूट वाटतो आणि तो फाइल सापडत नाही म्हणतो. त्या फोल्डरात जाऊन आज्ञा द्या आणि एसआरटीचं नाव साधं, एका शब्दाचं ठेवा.

सबटायटल एमकेव्हीच्या आत पीजीएस स्वरूपात असतील, म्हणजे ब्लू-रेची चित्ररूप, तर सबटायटल्स फिल्टर उपयोगाचा नाही. तिथे फिल्टर-कॉम्प्लेक्समध्ये ओव्हरले वापरून सबटायटलचा ट्रॅक व्हिडिओवर ठेवायचा.

आणि आकार. टीव्ही लांब असतो, संगणकावर ठीक वाटणारी देवनागरी टीव्हीवर बारीक दिसते, मात्रा-वेलांट्या गिचमिड होतात. फाँटसाइझ २४ ते २६, बाह्यरेषा २, तळापासून अंतर थोडं वाढवा म्हणजे टीव्हीने कडा कापल्या तरी उकार शाबूत राहतात.

दुपदरी

धाग्यात थोडं घुसतो. हेच सगळं एक्सबॉक्स ३६० ला लागू आहे का?

रात्रपाळी

@दुपदरी, थोडंच. ३६० ला एम२टीएस चालत नाही, एमकेव्हीही नाही. एमपी४ करा: एच.२६४ हाय, लेव्हल ४.१, १०८०पी ३०, पण बिटरेटचा माथा १० एमबीपीएस. हा सरासरीचा नव्हे, शिखराचा आकडा आहे, म्हणून मॅक्सरेट ८एम, बफसाइझ ८एम ठेवा. नुसतं सीआरएफ दिलं तर सावकाश दृश्यं चालतात आणि पाऊस, गर्दी, आतषबाजी आली की अडतं. एएसी दोन चॅनलच. ५.१ हवाच असेल तर एव्हीआयमध्ये एसी३ चालतो, पण तिथे व्हिडिओ एमपेग-४ एएसपी, ७२०पी, ५ एमबीपीएस. एवढं मागे जाणं मला तरी पटत नाही. इथरनेट १०० एमबीपीएसचं आहे, या बिटरेटला भरपूर. २०१०च्या स्लिमपासून वाय-फाय आतच आहे आणि ते एन आहे. त्याआधीच्यांना वेगळा अडॅप्टर लागतो.

जुनीस्लिम

सगळ्यांचे आभार. सिलेक्ट दाबून पाहिलं, एमपेग-२ च होतं. केबल लावली, आता अडकत नाही. एसी३ वाल्या एमकेव्ही एम२टीएस केल्या, त्या थेट चालतात आणि सरकतातही.

दोन शंका. ६४०के एसी३ करूनही टीव्हीवर स्टिरिओच येतो, साउंडबारला ५.१ पोचत नाही. आणि एका फाइलचा आवाज मध्येच बंद पडतो व पडद्यावर 'मेसेज कोड ३' असा संदेश येतो. ती पुन्हा एनकोड करू का?

तांब्याचीतार

पहिली: साउंडबार टीव्हीमार्गे जोडलेला असणार. पीएस३ च्या साउंड सेटिंग्जमध्ये ऑडिओ आउटपुट सेटिंग्ज उघडा, एचडीएमआय निवडून 'ऑटोमॅटिक' सोडा, 'मॅन्युअल' घ्या आणि डॉल्बी डिजिटल ५.१ वर खूण करा. ऑटोमॅटिकमध्ये पीएस३ टीव्हीला विचारतो, आणि बरेच टीव्ही 'मला दोन चॅनलच झेपतात' असं सांगतात. तरीही जमलं नाही तर टीव्ही ऑप्टिकलमधून पुढे काय पाठवतो ते टीव्हीच्या मेनूत बघा, तिथे पीसीएम असेल तर बिटस्ट्रीम करा. सगळ्यात निर्धोक म्हणजे पीएस३ची ऑप्टिकल केबल सरळ साउंडबारमध्ये, आणि मग आउटपुट सेटिंगमध्ये एचडीएमआयऐवजी ऑप्टिकल निवडायचं.

दुसरी: तो सिनाव्हिया आहे, आवाजातच मिसळलेली संरक्षणाची खूण. पीएस३ ती ओळखून आवाज बंद करतो. तुमच्या रूपांतरात काही चुकलेलं नाही, आणि कोडेक, बिटरेट, कंटेनर बदलून ती जात नाही, तेव्हा पुन्हा एनकोड करण्यात वेळ घालवू नका. त्या चित्रपटाची मूळ डिस्क असेल तर ती पीएस३मध्येच लावा, तोही ब्लू-रे प्लेअरच आहे.